दोन हजार मैलांवरचे भाड्याचे घर

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघेही सॅन होजेमध्ये सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो आणि स्वतः भाड्याने राहतो, कारण इथल्या घरांच्या किमती आमच्या आवाक्यात नाहीत. गाठीशी ९० हजार डॉलर आहेत. इंडियानापोलिसमध्ये १९५८ साली बांधलेले तीन बेडरूमचे एक घर २ लाख डॉलरना मिळत आहे. एका कंपनीने ते दुरुस्त करून, महिना १,७०० डॉलर भाड्याने भाडेकरू बसवून विक्रीला काढले आहे. त्यांच्या तक्त्याप्रमाणे सर्व खर्च जाऊन महिन्याला ४१० डॉलर हाती राहतात. घर न पाहता घ्यावे का? व्यवस्थापकाला १० टक्के देण्यापेक्षा आम्हीच इथून सांभाळले तर चालेल का? पुढचा भाडेकरू शक्यतो भारतीय कुटुंब असावे, असे वाटते. घरासाठी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढावी का? करात मोठी सूट मिळते, असे सहकारी सांगतात. एका मित्राने कर्जाच्या अर्जात ‘स्वतः राहणार’ असे लिहायला सुचवले आहे, म्हणजे व्याज कमी पडेल. आम्ही दोघेही एच-वन-बी व्हिसावर आहोत. कंपनीला दहा दिवसांत उत्तर हवे आहे.
— सॅन होजेहून एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मित्राचा सल्ला आधी बाजूला काढते, कारण त्यावर विचार करण्यासारखे काही नाही. कर्जाच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्यांची नोकरी, पगार व पत्ता सॅन होजेचा आहे त्यांनी इंडियानापोलिसमध्ये राहायला जाणार असे लिहिले, तर ते खोटे शोधून काढायला फार हुशारी लागत नाही. व्हिसावर असलेल्या माणसाने तर या वाटेकडे बघूही नये.

आता तो तक्ता. तुम्ही पत्रासोबत जोडलात म्हणून तो मला नीट पाहता आला. १,७०० डॉलर भाड्यातून त्यांनी तीनच रकमा वजा केल्या आहेत. पहिली म्हणजे २५ टक्के डाउन पेमेंट धरून उरलेल्या दीड लाखाच्या कर्जाचा ७ टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता, ९९८ डॉलर. दुसरी मालमत्ता कर, १६७ डॉलर. आणि तिसरी विमा, १२५ डॉलर. उरले ४१०. बेरीज-वजाबाकीत चूक नाही. पण त्या घरात भाडेकरू कधीच बदलणार नाही, नळ कधीच गळणार नाही, छपराला वय नाही आणि व्यवस्थापक धर्मादाय काम करतो, असे धरले तरच हा हिशेब खरा आहे.

त्यातही मालमत्ता कराची रक्कम बारकाईने पाहा, कारण दुसऱ्या राज्यात पहिल्यांदा घर घेणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात. १६७ डॉलर महिना म्हणजे वर्षाला सुमारे २ हजार, म्हणजे किमतीच्या १ टक्का. हा आकडा बहुधा मागच्या मालकाच्या बिलावरून घेतलेला आहे, आणि तो मालक त्या घरात स्वतः राहत असावा. इंडियाना राज्याच्या घटनेतच मालमत्ता कराला कमाल मर्यादा घातली आहे: मालक स्वतः राहत असलेल्या घराला मूल्यांकनाच्या १ टक्का, भाड्याने दिलेल्या निवासी घराला २ टक्के आणि इतर मालमत्तेला ३ टक्के. स्वतः राहणाऱ्याला मूल्यांकनातून वजावटीही मिळतात. तुम्ही घर घेऊन भाड्याने ठेवलेत की पहिल्या गटातून दुसऱ्यात जाता, आणि मूल्यांकन खरेदी किमतीच्या जवळ गेले तर कर दुप्पट होऊन महिन्याला ३३३ डॉलरपर्यंत जाऊ शकतो. हे फक्त इंडियानात घडते असेही नाही. मिशिगनमध्ये घर विकले गेले की इतकी वर्षे दाबून ठेवलेले करपात्र मूल्य मोकळे होते आणि नव्या मालकाचे बिल एकदम उसळी घेते. टेक्सासमध्ये राहत्या घराच्या मूल्यांकनवाढीवर असलेला वर्षाला १० टक्क्यांचा लगाम भाड्याच्या घराला लागू होत नाही. फ्लोरिडात राहत्या घराच्या मूल्यांकनाची वाढ वर्षाला ३ टक्क्यांवर रोखली जाते, इतर मालमत्तेला ती मर्यादा १० टक्के आहे. कॅलिफोर्नियात राहून आपल्याला १९७८ च्या प्रपोझिशन १३ ची, म्हणजे मालमत्ता कराची वाढ बांधून ठेवणाऱ्या कायद्याची, सवय झालेली असते, त्यामुळे कराचे बिल मालकाच्या वापरावर इतके अवलंबून असेल, हे डोक्यातच येत नाही. म्हणून कोणत्याही राज्यात विक्रेत्याचे बिल हाती आले तर त्यावर स्वतः राहण्याची सवलत लागलेली आहे का ते आधी पाहावे, आणि काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयाला फोन करून हेच घर भाड्याने दिले तर कर किती होईल, ते विचारावे. पाच मिनिटांचे काम आहे.

तर हिशेब पुन्हा मांडू. हप्ता ९९८, कर ३३३, विमा १२५. व्यवस्थापकाचे १० टक्के, म्हणजे १७०. वर्षातून सरासरी एक महिना घर रिकामे राहील असे धरून १४२. किरकोळ दुरुस्तीला १५०, आणि छप्पर, घर गरम ठेवणारी भट्टी, वॉटर हीटर, एसी अशा कधीतरी नक्की येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी आणखी १५०. एकूण २,०६८ डॉलर. भाडे १,७००. म्हणजे ४१० डॉलर हाती राहण्याऐवजी महिन्याला ३६८ डॉलर तुमच्या खिशातून जातील. पहिल्या वर्षी कर्जाच्या हप्त्यांतून जेमतेम दीड हजार डॉलर मुद्दल फिटते, ते तुमच्या बाजूने धरले तरी खड्डा भरत नाही. हेच आकडे ठेवून उलटे गणित केले, तर ना नफा ना तोटा व्हायला हे घर १ लाख ४५ हजारांच्या आसपास मिळायला हवे. माझे दुरुस्तीचे आकडे तुम्हाला जास्त वाटले तर थोडे खाली आणा. १९५८ च्या घराला मी तरी ते आणणार नाही.

‘महिन्याचे भाडे किमतीच्या १ टक्का असले की घर चांगले’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. भराभर घरे चाळायला तो ठीक आहे, पण कर, विमा आणि घराचे वय यांतले काहीच त्याला दिसत नाही. तुमचे घर त्या नियमातही बसत नाही, ते सोडा. शिवाय १,७०० हे भाडे खरे आहे का, हाही प्रश्न आहे. विकायला सोपे जावे म्हणून पहिला महिना मोफत देऊन किंवा आधी न तपासलेला भाडेकरू बसवून करारावर फुगवलेला आकडा घातल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. भाडेकरू आत असताना घर घेतले की त्याचा करार जसाच्या तसा तुमच्याकडे येतो. म्हणून सही केलेला करार, मागील बारा महिन्यांत कोणत्या तारखेला किती भाडे जमा झाले त्याची खातेवही, आणि डिपॉझिट किती आहे व ते क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, वेळी तुमच्याकडे वळते होणार का, हे लेखी मागा. त्यासोबत भाडेकरूच्याच सहीचे एक निवेदन घ्या, ज्याला इथे एस्टॉपेल म्हणतात आणि ज्यात भाडे, डिपॉझिट, कराराची मुदत आणि घरमालकाशी झालेले कोणतेही तोंडी ठराव तो स्वतः लिहून देतो. खातेवही चार महिन्यांपलीकडे जात नसेल, तर भाडेकरू किती जुना आहे ते तुमचे तुम्हाला कळेल.

आता तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नाकडे येते, आणि तो तुम्ही बारीक अक्षरात विचारल्यासारखा विचारला आहे: आम्हीच इथून सांभाळले तर? उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार मी स्वतः करून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी ओहायोत असेच एक घर घेतले. व्यवस्थापक नेमला होता, पण तो मी घरानंतर निवडला, विक्रेत्याने हाती दिलेल्या एका चिठ्ठीवरून. डिसेंबरअखेर भाडेकरू घर सोडून गेला आणि जाताना त्याने त्याच्या नावावरचे गॅसचे खाते बंद केले. ते माझ्या नावावर घेणे व्यवस्थापकाचे काम होते. त्याने घेतले नाही, आणि मी विचारले नाही. जानेवारीत थंडी पडली, भट्टी बंद, स्वयंपाकघराच्या वरच्या भिंतीतला पाइप फुटला. मला पहिला फोटो आला तेव्हा छताचे प्लास्टरबोर्ड ओले होऊन ओट्यावर कोसळलेले होते आणि कपाटांची दारे फुगून उघडी राहिली होती. विमा कंपनीने पॉलिसीतले ‘रिकामे घर’ हे कलम दाखवले. पाणी किती दिवस वाहत होते, ते मला शेवटी पाण्याच्या बिलावरून कळले.

त्या घराने मला जे शिकवले ते सांगते. दूरच्या राज्यात घर घेताना तुम्ही प्रत्यक्षात त्या गावातला एक माणूस विकत घेत असता, आणि घर त्याच्याबरोबर येते. त्यामुळे क्रम उलटा करा. आधी व्यवस्थापक शोधा, मग त्यालाच विचारा की कोणत्या वस्तीत तो स्वतः घरे सांभाळायला तयार आहे आणि कोणत्या रस्त्यांवरची घरे तो नको म्हणतो. चांगला व्यवस्थापक ‘नको’ म्हणतो. जो तुमच्या प्रत्येक पत्त्याला होकार देतो, त्याला सोडून द्या. इंडियानात दुसऱ्याची घरे भाड्याने सांभाळायला ब्रोकरचा परवाना लागतो, तो राज्याच्या संकेतस्थळावर नावावरून तपासता येतो. परवाना नसेल तर पुढचे बोलणेच नको.

त्याच्याशी बोलताना १० टक्क्यांवर घासाघीस करत बसू नका. मासिक शुल्क ८ असो की १०, फरक ३४ डॉलरचा आहे. खरे पैसे इतर ठिकाणी जातात. नवा भाडेकरू आणण्याचे शुल्क अर्धा महिना की पूर्ण महिना, करार नूतनीकरणाचे वेगळे पैसे, दुरुस्तीच्या बिलावर त्याची स्वतःची भर, घर रिकामे असतानाही आकारले जाणारे किमान शुल्क, आणि तुम्ही करार संपवलात तर द्यावी लागणारी रक्कम या सगळ्यांचे उत्तर लेखी घ्या. तुम्हाला न विचारता तो किती रकमेपर्यंत दुरुस्ती करू शकतो, तो आकडा करारात असू द्या. ३०० डॉलर ठीक वाटतात, कारण त्याहून कमी ठेवलेत तर रात्री तीनला संडास तुंबला म्हणून तुम्हाला फोन येईल. डिपॉझिट आणि भाड्याचे पैसे तो वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवतो का, ते विचारा. एका मालकाला पाठवलेले महिन्याचे जुने विवरणपत्र नावे झाकून मागा. ते वाचून कळत नसेल, तर तुमचेही कळणार नाही. आणि भाडेकरू निघून गेल्या दिवसापासून वीज, गॅस, पाणी कुणाच्या नावावर, हे वाक्य करारात घाला. मला त्या एका वाक्याची किंमत माहीत आहे.

आणखी एक करा. त्याने जाहिरात केलेले एखादे रिकामे घर शोधून, एखाद्या मंगळवारी सकाळी घर हवे म्हणून त्या नंबरवर फोन करा. इंडियानापोलिस तुमच्याहून तीन तास पुढे आहे, म्हणजे तुमच्या आठ वाजता तिथे अकरा वाजलेले असतात, कामाची वेळ असते. फोन उचलतात का, निरोप ठेवला तर किती तासांनी परत येतो, आणि बोलणारा माणूस त्या घराबद्दल काही जाणतो का, याची नोंद ठेवा. तुमचे घर रिकामे पडेल तेव्हा येणाऱ्या भाडेकरूलाही हाच अनुभव येणार आहे. शक्य असेल तर सध्याच्या एका मालकाशी बोला. त्याहून चांगले म्हणजे सोडून गेलेल्याशी, पण तो नंबर कुणी सहज देत नाही.

घर न पाहता घ्यावे का, याचे उत्तर: पाहायला जायला हवे, पण ते घर पाहण्यासाठी तितकेसे नाही. छताखाली काय चालले आहे हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही कळत नाही. त्यासाठी इन्स्पेक्टर असतो. तुम्ही जा ते वस्ती पाहायला. सकाळी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा त्या रस्त्यावरून गाडी चालवा, शेजारची किती घरे फळ्या ठोकून बंद आहेत ते मोजा, आणि तो व्यवस्थापक त्याच्या कचेरीत कसा वागतो ते पाहा. विमानाचे तिकीट आणि दोन रात्रींचे हॉटेल, २ लाखांच्या खरेदीपुढे हा खर्च किरकोळ आहे. इन्स्पेक्टर मात्र तुम्ही निवडा, विक्रेत्याने सुचवलेला नको. १९५८ च्या घरात मी तीन गोष्टींवर जोर देईन. घरापासून रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपर्यंतची सांडपाण्याची नळी बहुतेक शहरांत मालकाची जबाबदारी असते, आणि त्या काळातली नळी मातीची असेल तर सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरलेली असतात. साध्या इन्स्पेक्शनमध्ये ती तपासत नाहीत, कॅमेरा घालून पाहण्याचे काही शे डॉलर वेगळे द्यावे लागतात आणि ते द्यावेत. दुसरे, घराच्या फरशीखालची रांगती जागा, म्हणजे रांगतच शिरता येईल अशी बुटकी पोकळी: ओल, कुजलेले वासे, लोंबकळणारे इन्सुलेशन. दुरुस्ती करून विकणारे नवे काउंटर आणि नवा रंग दाखवतात. रांगत्या जागेत सहसा कुणी रंग लावत नाही. तिसरे, १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असण्याची शक्यता असल्याने तशी माहिती भाडेकरूला लेखी देणे कायद्याने बंधनकारक आहे. हा कागद पुढे प्रत्येक नव्या भाडेकरूला द्यावा लागेल.

दहा दिवसांच्या मुदतीबद्दल फार विचार करू नका. मुदत त्यांची आहे, पैसे तुमचे आहेत. फारच आवडले असेल तर इन्स्पेक्शनची अट आणि कर्जमंजुरीची अट घालून प्रस्ताव द्या, म्हणजे अहवाल वाईट आला तर इसार परत घेऊन बाहेर पडता येईल; अट सोडून द्यायला सांगितले तर तिथेच थांबा. आणि व्यवहार ठरलाच, तर क्लोजिंगची रक्कम वायरने पाठवण्याआधी टायटल कंपनीचा, म्हणजे मालकीहक्क तपासून व्यवहार पूर्ण करणाऱ्या कंपनीचा, नंबर स्वतः शोधून, त्यावर फोन करून खाते क्रमांक पडताळा. ‘आमचे खाते बदलले आहे’ असा ऐनवेळी येणारा ईमेल ही दूरवरून घर घेणाऱ्यांसाठी लावलेली जुनी चोरी आहे, आणि गेलेली वायर सहसा परत येत नाही.

भारतीय भाडेकरूच्या इच्छेबद्दल स्पष्टच लिहिते, कारण आपल्या मंडळींना यात काही गैर आहे हेच वाटत नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, वर्ण, धर्म आणि मूळ राष्ट्र पाहून भाडेकरू निवडायला मनाई केली. लिंगाची भर १९७४ मध्ये पडली आणि अपंगत्व व घरात लहान मुले असणे यांची १९८८ मध्ये. ‘भारतीय कुटुंब हवे’ असे व्यवस्थापकाला ईमेलमध्ये लिहिलेत, तर तो ईमेल म्हणजे तुमच्याविरुद्धचा पुरावा झाला. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावे, क्रेडिट अमुक असावे, आधीच्या घरमालकाचा अनुभव बरा असावा, अशा अटी घाला आणि त्या प्रत्येकाला सारख्या लावा. भाडे थकल्यास नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे राज्यागणिक बदलते. इंडियानात भाडे न भरल्याची नोटीस साधारणतः दहा दिवसांची असते आणि डिपॉझिटचा हिशेब ४५ दिवसांत द्यावा लागतो. कॅलिफोर्नियातले तुमचे भाडेकरू म्हणून असलेले अनुभव तिथे लावू नका, दोन्ही राज्यांचे कायदे फार वेगळे आहेत.

करातील सूट. सहकारी घसाऱ्याबद्दल बोलत असणार. जमिनीची किंमत वगळून इमारतीची किंमत २७.५ वर्षांत विभागून दर वर्षी उत्पन्नातून वजा करता येते. जमीन २० टक्के धरली तर तुमच्या घराला ही रक्कम वर्षाला सुमारे ५,८०० डॉलर होते. व्याज, कर, विमा आणि दुरुस्ती मिळून कागदावर तोटा दिसेल. पण हा तोटा पगारातून वजा करण्याची मुभा वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत आहे, आणि ती १ लाख उत्पन्नानंतर कमी होत होत दीड लाखाला संपते. जोडप्याच्या एकत्रित विवरणपत्रालाही हीच मर्यादा आहे. सॅन होजेतले दोन सॉफ्टवेअरचे पगार म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या फार पलीकडे आहात. तोटा बुडत नाही, पुढे साठत जातो आणि घर विकताना उपयोगी पडतो, पण यंदाच्या पगारावरचा कर त्याने कमी होणार नाही. ‘रिअल इस्टेट प्रोफेशनल’ म्हणून ही मर्यादा टाळता येते हे खरे, मात्र त्यासाठी वर्षाला ७५० तासांहून जास्त आणि तुमच्या एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त वेळ त्यातच द्यावा लागतो, जे पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला दाखवता येत नाही. विकताना घेतलेल्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर पडतो, हेही सहकारी सांगत नाहीत. शिवाय दरवर्षी इंडियानाचे वेगळे विवरणपत्र भरावे लागेल आणि तेच उत्पन्न कॅलिफोर्नियातही दाखवावे लागेल. दुहेरी कर पडू नये म्हणून एका राज्यात भरलेला कर दुसऱ्यात वळता करून घेण्याची सोय असते, पण सीपीएचे, म्हणजे कर सल्लागाराचे, शुल्क वाढतेच.

एलएलसी तूर्त नको. एका घरासाठी ती महाग पडते. इंडियानात काढलेली एलएलसी तुम्ही कॅलिफोर्नियात बसून चालवता म्हणून कॅलिफोर्नियालाही वर्षाला किमान ८०० डॉलर द्यावे लागतात, नफा असो वा नसो. नेहमीचे गृहकर्ज तुमच्या वैयक्तिक नावावर मिळते, आणि नंतर घर एलएलसीच्या नावे केलेत तर मालकी बदलल्यास पूर्ण कर्ज मागण्याचे कलम बँक वापरू शकते. घरमालकाची विमा पॉलिसी, म्हणजे राहत्या घराची नव्हे तर भाड्याच्या घराची, आणि तिच्यावर मोठ्या दाव्यांसाठीची जादा अंब्रेला पॉलिसी, एवढ्याने सुरुवातीचे काम भागते. पॉलिसीत रिकामे घर म्हणजे किती दिवस रिकामे, ३० की ६०, हे वाक्य शोधून वाचा. पुराचे नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही. फेमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, पूरनकाशावर पत्ता टाकून पाहणे फुकट आहे.

पैशांकडे पाहता, ९० हजारांपैकी ५० हजार डाउन पेमेंटला आणि काही हजार क्लोजिंगला गेले की सुमारे ३५ हजार उरतात. बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांनुसार गुंतवणुकीच्या घराच्या कर्जाला सहा महिन्यांचे हप्ते हाती असल्याचे दाखवावे लागते. ते तुम्ही दाखवू शकाल. पण त्यातच तुमच्या स्वतःच्या आणीबाणीचा पैसा असेल तर तो एकच पैसा दोनदा मोजला जातो आहे, आणि यामुळे शेवटचा मुद्दा येतो.

एच-वन-बीवर घर घेण्यास, भाडे घेण्यास हरकत नाही. भाडे हे नोकरीचे उत्पन्न धरले जात नाही. मात्र भाडेकरू शोधणे, दुरुस्त्या करणे, रोजचा कारभार हाकणे हे परवानगीबाहेरचे काम ठरू शकते, म्हणूनही व्यवस्थापकाचे १० टक्के वाचवू नका आणि इमिग्रेशन वकिलाकडून एकदा लेखी मत घ्या. जास्त काळजी मला दुसऱ्या गोष्टीची वाटते. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांची सवलत मिळते, आणि तुमच्या घरात दोघांचेही व्हिसा नोकरीवर टांगलेले आहेत. भारतात परतावे लागले तर ते घर तुमच्याबरोबर येणार नाही. पुढे तुम्ही करासाठी अनिवासी झालात आणि मग विकलेत, तर काही अपवाद वगळता खरेदीदाराला विक्री किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे, भरावी लागते, नफा झाला असो वा तोटा. ती नंतर विवरणपत्र भरून परत मागायची. २ लाखांच्या घरावर ते ३० हजार डॉलर होतात. ते परत मिळेपर्यंत कर्जफेड आणि ब्रोकरचे शुल्क भागवून काही उरेल का, याचा हिशेब आज, दोन्ही पगार चालू असताना, कागदावर करून ठेवा. हे घर तुम्ही सोडलेत तरी त्या कागदाचा पुढच्या घराला उपयोग होईल.